खालचा कप्पा

ओगलेवाडीच्या सबस्टेशनात एकतीस वर्षं
दर तासाला मी आकडे लिहिले.
केव्ही, मेगावॅट, तेलाचं तापमान,
शेवटी सही.
निवृत्त झालो तरी हात ऐकत नाही.
घरच्या मीटरचा आकडा संध्याकाळी सातला वहीत.
आज दोन पॉइंट एक. काल दोन.
परवा चटणी कुटायची होती, मिक्सर फिरला, म्हणून अडीच.

विक्रांतकडे, डेटनला, पाच महिने होतो.
पहिल्याच रात्री झोप लागेना.
ते म्हणाले, वेळ बदललीय, होईल सवय.
मला माहीत होतं काय ते.
घर गुणगुणत होतं.
आपली वीज पन्नासची, तिथली साठची.
मी भजनात पेटी धरतो, म्हणून कळलं :
षड्ज सोडून सगळं घर
कोमल गंधारावर जाऊन बसलेलं.

उठून हिंडलो.
दोन फ्रिज, गराजमध्ये एक फ्रीझर,
माणूस नसलेल्या खोलीत थंड हवा,
आणि त्याच खोलीत, गारठू नये म्हणून,
घडी घातलेली जाड रजई.
अंगणात झाडांच्या बुंध्यांना दिवे.
झाडं काय वाचत होती कोण जाणे.

दुपारी बाहेर कराडच्या एप्रिलसारखं ऊन
आणि आत ऋजुता टॉवेल मशीनमध्ये वाळवते.
म्हटलं, मागे दोरी बांधून देऊ?
म्हणाली, नको आबा, कॉलनीचा नियम आहे, दिसता कामा नये.
‘इथे उन्हाला परवानगी नाही’ असं मी वहीत लिहिलं.
त्या वेळी ते वाक्य मला फार आवडलं होतं.

त्यांचा दिवसाचा आकडा एक्केचाळीस.
म्हणजे माझे वीस दिवस,
सकाळी उठून रात्री झोपेपर्यंत संपवलेले.

मग मी रात्रपाळी सुरू केली.
सगळे निजले की अनवाणी, एकेक बटण.
एक्केचाळीसचे तेहतीस आणले.
बोललो नाही कुणाला. वहीत सही मात्र केली.

सहाव्या रात्री गराजमधला फ्रीझर.
आधी झाकण उचलून पाहिलं, बेजबाबदार नाही मी :
बर्फ धरलेले पाव, कोंबडीचे डबे,
दोन वर्षांपूर्वीच्या तारखा.
खालचा कप्पा पाहिला नाही.

खालच्या कप्प्यात ऋजुताचं दूध होतं.
सोमवारपासून ती कामावर जाणार होती,
ईरासाठी साठवलेलं.
बोटाएवढ्या जाडीच्या पिशव्या,
प्रत्येकीवर तिच्या अक्षरात तारीख आणि वेळ.
पहाटे तीन दहा. पाच चाळीस. रात्री अकरा.
एक दिवस चुकलेला नाही.

ती ओरडली नाही.
पिशवीचा कोपरा कात्रीने कापायची, ओतायची,
पुढची घ्यायची.
नळ चालू, वरचे सगळे दिवे चालू.
विक्रांत एवढंच म्हणाला,
आबा, महिन्याला पाच-सहा डॉलर वाचले असते हो.

आता ओगलेवाडीत.
या गावात एके काळी कंदील बनायचे.
समोरच्या कुंभोजकरांनी नवा बंगला बांधलाय,
तीन एसी, कंपाउंडवर रांगेने गोळे.
भार वाढवायचा अर्ज भरायला मला बोलावलं.
भरून दिला, खाडाखोड न करता.
एक शब्द बोललो नाही.
बोलायला हवं होतं.
एक्केचाळीस चूकच आहे, मला आजही तसंच वाटतं,
पण तोंड उघडलं की
कात्रीचा आवाज येतो.

त्या दिवसाचं पान वहीत कोरं आहे.

रविवारी सातला फोन येतो.
तिकडे लख्ख सकाळ, तरी घरभर दिवे.
ईरा फोन चाटायला बघते,
तिच्या मागे मी मोजत असतो, सुटत नाही ते :
अकरा, बारा, तेरा.
चौदावा लागतो.
ऋजुता आत आलेली असते.
म्हणते, आबा, अंधारात काय बसलाय,
लाइट लावा की,
तुमचा चेहरा दिसत नाही.