धुडकू मिस्त्रीचा पॅनल, साध्या अक्षरांत

दोंडाईचात स्टेशनकडे उतरताना डाव्या हाताला
वार्निशचा वास यायचा, ते दुकान.
आता तिथे मोबाइलची कव्हरं लटकतात.
मिस्त्री मोटारी भरायचे, आणि पॅनलचे नकाशे
मिरचीच्या रिकाम्या गोणीवर काढायचे,
खडूने, कधी विटेच्या तुकड्याने.
गोणी भरून लिलावात जायची. नकाशाही.

मी आयटीआय करून आलो, लॅपटॉप घेऊन,
आणि त्यांचे सतरा पॅनल
एका देखण्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवले.
दोन वर्षांनी ते म्हणालं, मुदत संपली, पैसे भरा.
सतरा पॅनल आत, मी बाहेर.
मिस्त्री हसले नाहीत. एवढंच विचारलं,
"किल्ली कोनाकडे शे?"

मग ही साधी फाइल.
एका ओळीत एक वस्तू, बस.
आधी नाव, मग जागा सांगणारे आकडे:

तार ४० १२० ४० २००
ठिपका ४० २००
कॉइल ८० २०० नो-व्होल्ट

वरचा डावा कोपरा म्हणजे शून्य.
दुसरा आकडा वाढला की खाली जायचं.
"विहिरीचं माप," मिस्त्री म्हणाले,
पुढचं सांगावं लागलं नाही.
अडले फक्त ठिपक्यापाशी.
दोन तारा एकमेकींवरून गेल्या
म्हणून जोडल्या जात नाहीत,
ठिपका लिहिला तरच जोड.
बराच वेळ चष्मा पुसत बसले.
धाकटा भाऊ समोरच्याच गल्लीत राहतो त्यांचा.
रोज दोघांच्या सायकली
त्याच चौकातून जातात.

परवा रात्री पावणेदोनला लाइट आली
आणि म्हसावदकडून फोन: दारासिंग पावरा,
माझ्या नाही, माझ्या मागच्या बॅचचा.
उंदरांनी पॅनल खाल्लेला, वायरींचे रंग गेलेले,
आणि मी पाठवलेला फोटो
अर्ध्यावर राखाडी होऊन अडकलेला.
मग मी फाइल उघडली
आणि बाजारभाव वाचावेत तशी वाचत गेलो.
त्याने पंपाच्या खोलीच्या दारावर
कोळशाने चौकटी आखल्या होत्या, वीस-वीसच्या.

"तार. चाळीस, एकशेवीस. चाळीस, दोनशे."
"थांब. हं."
"ठिपका. चाळीस, दोनशे."
"ठोकला."

अठ्ठेचाळीस ओळी. मध्ये कुत्री भुंकली.
एकदा त्याने दोनशेचे नव्वद ऐकले
आणि रिले हवेत लटकली.
तोच म्हणाला, "ही कुठंच लागत नाही,
पुन्हा वाच."
माझ्यापाशी नुसती अक्षरं होती.
चित्र त्याच्याकडे.

ओळीच्या तोंडाशी ही छोटी जाळी असली
की यंत्र ती ओळ सोडून देतं.
ती माणसाने माणसासाठी लिहायची.
एकतिसावी तशी आहे, कंडेन्सरच्या आधी,
मिस्त्री बोलले, मी जशीच्या तशी टाइप केली:

# आठे लगेच हात लावू नको. बंद शे तरी जित्तं शे.

वाचली.
पलीकडे काही क्षण फक्त रातकिडे.
मग तो म्हणाला, "घेतला हात मागे."
आणि आम्ही बत्तिसाव्या ओळीवर गेलो.