नुसतं रायबंदर लिहा

पत्रावर पणजी लिहू नका,
पोस्टातली एस्पेरांसाबाय सांगायची.
पणजी लिहिलं की पत्र आधी पणजीला जातं,
तिथं एक रात्र झोपतं,
आणि दुसऱ्या दिवशी पाटो ओलांडून उलटं येतं
शिळ्या उंड्यासारखं.
नुसतं रायबंदर लिहा.

पण फॉर्मवर नुसतं रायबंदर चालत नाही.
तिथं 'शहर' असा एक रकाना असतो,
त्यात आम्ही पणजी.
मतदानाला पणजी, घरपट्टीला पणजी,
आणि नवं पातळ नेसून, पावडर लावून
"पणजीला जाऊन येते गे" म्हणत
बसची वाट बघताना
पुन्हा रायबंदर.

मधे पाटो.
एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला मिठागरं.
मीठ कमी, तिवरं आणि बगळेच जास्त.
बाबा म्हणायचे, ही शहराची मान. डोकं तिकडं.
मग आपण काय?
बाबा फेरीबोटीवर होते, शाबा चोडणकर,
तीस वर्षं रायबंदर ते चोडण, चोडण ते रायबंदर.
त्यांनी कशाचंच उत्तर सरळ रेषेत दिलं नाही.
प्रवाह बघून बोट तिरकी काढावी
तसं बोलायचे.

तापानं जुनं शहर ओस पडलं
तेव्हा राजधानी उठली आणि पश्चिमेला चालू लागली.
वाटेत आम्ही होतो.
म्हणे थांबली, दम घेतला,
इस्पितळ आमच्यापाशी ठेवलं, पुढं गेली.
आजारी माणसं इकडं, बरी झालेली तिकडं,
अशी वाटणी बरीच वर्षं टिकली.
मग इस्पितळही डोंगरावर गेलं.
बाकी राहिला तो नुसता थांबा.

आमच्या उंबऱ्याखालून मोठा नळ जातो.
रात्री जमिनीला कान लावला
की राजधानी पाणी पिताना ऐकू येते,
घटाघटा, न थांबता.
आमच्या तोटीला पहाटे पाच ते सव्वापाच.
आई कळशी भरता भरता म्हणायची,
पिऊ दे, तहानलेलं दिसतंय.
यात राग किती आणि माया किती
हे मला अजून वेगळं काढता येत नाही.

रात्री नदीवर जुगाराच्या बोटी पेटायच्या,
बाबा धक्क्यावर बसून बघायचे.
आमच्या बोटीला दिवे थोडेच, म्हणायचे,
पण लोक उतरताना
चढले होते तेवढेच पैसे खिशात असायचे.

दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला.
मी त्यांना इस्त्रीचा शर्ट घालून
राजधानीत न्यायची, जिवंत आहेत हे दाखवायला.
खिडकीतल्या मुलीनं विचारलं, पत्ता?
रायबंदर.
म्हणजे पणजीच ना?
बाबा थोडा वेळ टेबलावरच्या पंख्याकडं बघत राहिले.
होय, म्हणाले, भरतीला.
तिनं पणजी लिहिलं.
बाहेर येऊन आम्ही मिरामारला गेलो नाही,
भेळ खाल्ली नाही,
पहिली बस धरून घरी आलो.
पाटो लागला तेव्हा त्यांनी चपला काढल्या
आणि पाय समोरच्या सीटखाली लांब केले.

ते गेले ते आपल्या खाटेवर,
खिडकीतून फेरीचा भोंगा येत असताना,
खालून पाणी राजधानीकडं जात असताना.
दाखल्यावर मृत्यूचं ठिकाण: पणजी.
मी काउंटरवर म्हटलं, अहो,
हा माणूस पणजीत एक रात्र राहिलेला नाही.
तो म्हणाला, बाय, नोंद तशीच होते.
पाच प्रती घेतल्या. बँकेला एक, पेन्शनला एक,
एक जास्तीची.

तेराव्यानंतर पेडण्याच्या आतेचं पत्र आलं.
दोन शिक्के, एक पणजीचा, एक आमचा.
तिला कुणी कळवलंच नव्हतं.
लिहिलं होतं, शाबाला सांग,
यंदा मानकुराद उशिरा आहे,
पण पाठवते.
त्याला बोटीवर नेऊन दे.