लाल रेघ उजवीकडे

शिवडीच्या गोदामात, तिसऱ्या रांगेत, दोनशे अकरा ते दोनशे साठ.
प्रत्येक पेटीत मीटरभर समुद्रतळ,
चार इंच जाडीचा, काकडीसारखा मधोमध चिरलेला.
नळीतून बाहेर आला त्याच रात्री
ल्हानू वैतीने त्यावर दोन रेघा ओढल्या होत्या,
लाल उजवीकडे, काळी डावीकडे.
म्हणाला, "बाई, रेघ पुसली
तर वर कंचं आन् खाली कंचं
दगडाला सांगता येनार नाय."

मी नवी होते. गळ्यात भिंग, खिशात आम्लाची कुपी.
एक थेंब टाकला की चुनखडी फसफसायची,
आणि मी वहीत लिहायची: चुनखडी.
ल्हानूला कुपी लागायची नाही.
तो दगड चाटायचा.
जिभेला चिकटला तर गाळ,
नाही चिकटला तर बाईंना विचारा.

आईला वाटायचं, समुद्राखाली तेलाचं तळं आहे,
आणि आम्ही त्यात पोहरा सोडतो.
एकदा तव्यावरचं घावन उचलून तिच्यासमोर धरलं.
म्हटलं, ही जाळी बघ. यात तूप मुरतं, तसं.
तिने घावन खाल्लं
आणि विचारलं, मग तूप कुणी घातलं?

कुणी घातलं.
दोन कोटी वर्षांपूर्वी इथून पश्चिमेला
एक उथळ, कोमट समुद्र होता.
मोहरीएवढे जीव त्यात जगले, घरं बांधली, मेले,
घरं खाली बसली, त्यांवर आणखी घरं.
या गोदामाचा पाया ज्या काळ्या कातळात आहे
तोच कातळ त्या सगळ्यांच्या खाली
उतरत गेलाय समुद्रात, मुंबईला न सांगता.
तेल नंतर आलं. दुसरीकडून. खोलातून.
रिकाम्या घरांत भाडेकरू यावा तसं.

कागदाहून पातळ काप काढायचा,
त्यात निळी राळ भरायची, मग सूक्ष्मदर्शक.
जिथे निळं, तिथे काही नाही.
पस्तीस वर्षं मला पगार मिळाला
तो हे निळं मोजण्याचा.

ल्हानूच्या बापाची होडी ट्रॉम्ब्याची.
फलाटाच्या लोखंडी पायांभोवती मासळी जमते,
आणि तिथेच जाळं टाकायला मनाई.
बाप विचारायचा, तुम्ही पाताळातून उपसता, ते चालतं?
ल्हानू हे मला डबा खाताना सांगायचा,
सुक्या बोंबलाचा तुकडा पुढे करत.
मी तुकडा घ्यायची. उत्तर द्यायची नाही.

आता त्या विहिरीला तेलापेक्षा पाणी जास्त येतं.
मार्चमध्ये पत्र आलं: जागेची निकड,
दोनशे अकरा ते दोनशे साठ निकाली काढणे.
शेवटची नोंद करायला मी गेले.
दोनशे अठराव्या पेटीत एक तुकडा सुटा,
रेघा उडालेल्या, दोन्ही.
वहीत त्याची बाजू लिहिलेली नव्हती.
हातात उलटा-सुलटा फिरवत बसले.

मग भिंगात दिसला नखाएवढा शिंपला.
पोट अर्धं गाळाने भरलेलं,
उरलेल्या अर्ध्यात पांढरे स्फटिक,
मधली कड सरळ, गवंड्याच्या पाणसळीसारखी.
गाळ आधी आला, तळाला बसला.
स्फटिक नंतर, वरच्या पोकळीत.
म्हणजे वर हे. खाली हे.
दोन कोटी वर्षं ते दगडात लिहिलेलं होतं.

तिथूनच ल्हानूला फोन लावला.
मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, आवाज तोच.
सगळं ऐकून घेतलं. मध्ये त्याचा टीव्ही चालू.
मग हसला.
"म्हंजे दगडाला ठावं व्हतं?
मंग येवढी वर्सं मी रेघा कशाला मारल्या?"

ट्रक खाली उभा होता. हमाल घाई करत होता.
पर्समध्ये लाल पेन सापडलं, मुलांचे पेपर तपासायचं असतं तसलं.
तुकडा सरळ धरला,
उजव्या कडेने रेघ ओढली,
आणि पेटी बंद करण्याआधी,
कुणी बघत नाही असं बघून,
जीभ लावली.