दुवा

पायसांदूत एवारिस्तो बँडोनियन दुरुस्त करतो.
भात्याचं कातडं, गंजलेल्या सूरपट्ट्या,
सगळं लिहून ठेवलंय वेबपानावर.
शोधलं तर सापडतं, अकराव्या पानाच्या तळाशी.

लेक समजावते: यंत्र विचारतं, बाबा,
तुमचं नाव कोण घेतं?
आणि त्या घेणाऱ्याचं नाव
कोण घेतं?

एकाने शंभर दुवे विकले, स्वस्तात.
भाडोत्री साक्षीदार.
पान आणखी खाली गेलं.

खरा एकच होता,
वारलेल्या दोमितिलाच्या पानावरचा:
"माझा वाद्यवाला. याच्याकडेच जा."
तिच्याकडे कुणीच बोट दाखवत नाही,
म्हणून यंत्राच्या लेखी शून्य.
नुसता दुवा.

काल मोन्तेविदेओहून एक पोरगा आला,
फाटका भाता कुशीत धरून.
कुठून कळलं?
त्याने आजीचं नाव सांगितलं.