वजन तेवढंच

हरिपूरच्या संगमाखालची वाळू
दोनदा धुतली, भट्टीत वाळवली.
यार्डातला दलाल हळद पारखतो
तशी दस्तगीरमामांनी ती तळहातावर फिरवली,
मग पोलादी नळकांड्यात ओतली.

पन्नास. शंभर. दोनशे.
दर वेळी दुप्पट.
चारशेपर्यंत कण नुसते सरकत होते,
एकमेकांच्या खाचेत खांदा घालत,
कुरकुरत, पण जागा करत.

आठशेला डायलचा काटा अडखळला.
मामांनी नळकांड्याला हात लावला.
एकतीस वर्षं चाळणीयंत्राशेजारी बसून
त्यांचे कान गेलेत.
फुटणं ते बोटांनी ऐकतात.
"टचकलं बघा मॅडम.
कोपरा गेला कुणाचा तरी."

मला वाटायचं,
सगळ्यात मोठा कण आधी फुटत असेल.
पण त्याला चहूकडून बारके टेकलेले,
दहा-बारा ठिकाणी थोडा थोडा भार,
तो निघतो तसाच, अखंड.
फुटतो तो,
ज्याला दोनच टेकू:
एक डोक्यावर, एक पायाखाली,
आणि कुशीला नुसती पोकळी.

सोळाशे.
आता हातही लावावा लागला नाही.

संध्याकाळी सगळं उपसून चाळलं.
सहाशे मायक्रॉनच्या चाळणीवर
चोपन्न ग्रॅम कमी.
तळाच्या ताटलीत करडी पूड,
सकाळी जी नव्हतीच.
बेरीज केली. पाचशे.
पुन्हा केली. पाचशेच.
वहीत लिहिलं: घट नाही.
उंचीच्या रकान्यात मात्र
सव्वातीन मिलिमीटर कमी,
आणि भार काढल्यावर काटा
केसभर मागे आला, तेवढाच.

मामांनी ती वाळू जुन्या लोणच्याच्या बरणीत भरली,
चिठ्ठी डकवली, पेन्सिलीनं: वापरलेली.
"नवी म्हणून कुणाला देऊ नका.
दिसायला तीच दिसती."

तेवढ्यात विश्रामबागेच्या रस्त्यावरून
उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर गेला.
काचा थरथरल्या, बरणी थरथरली,
मी उगाच दचकले.
मामांनी टेबलावर पंजा पसरला,
डोळे मिटून थोडा वेळ थांबले.

"काही नाही," म्हणाले,
"हे नुसतं हादरणं."
आणि ब्रश घेऊन
चाळणीच्या जाळीत अडकलेला एक कण
मागच्या बाजूनं
हळूच ढकलू लागले.