बारा नंबरचा गॅस

आर्वीच्या बसस्टँडमागे, उमकाच्या पानठेल्याला लागून
एकोणतीस वर्षं फ्रीज उघडले मी.
नळी कापायची, बाजूला सरायचं.
फुस्स.
इतकाच आवाज.
भर मे महिन्यात बोटांवर पांढरं दहिवर बसायचं,
पोरं हात पुढं करायची, काका, मले बी!
द्यायचो. फुकटचा गारवा,
कोणाच्या बापाचं काय जात होतं.

वास नाही, रंग नाही, काडी लावली तरी पेटत नाही,
असा गरीब गाईसारखा गॅस.
सोडला की गेला,
गुरांच्या बाजारावरून, पऱ्हाटीवरून,
कुठं, ते कोण पाहतं.

मग नागपूरला तीन दिवसांचं ट्रेनिंग. चहा, जेवण, एक पिशवी.
ताकसांडे मॅडमनी फळ्यावर पृथ्वी काढली,
तिच्याभोवती खडूची फिकट रेघ,
आणि खाली, दक्षिणेला,
ती बोटानं पुसली.
हे आपल्या हातून, म्हणाल्या.
मला 'तुमच्या' ऐकू आलं.

क्लोरीनचा एक कण लाखभर ओझोन खातो म्हणे.
रात्री लॉजवर हिशेब मांडला,
एका फ्रीजचा दीडशे ग्रॅम धरून.
शून्यं बिलाच्या पाठीवर मावेनात.
ते बिल अजून आहे.

आता मशीन आहे, सिलिंडर आहे.
गॅस ओढून घेतो, वजन करतो, वहीत लिहितो.
अर्धा तास जास्त जातो.
खरांगण्याचे भोयर गुरुजी बाकावर चुळबुळतात,
"हवाच त हाय बे, दे ना सोडून."
मग मानेवरचा घाम पुसत,
"हे सत्तेचाळीस डिग्री त्या भोकामुळंच ना?"
नाही गुरुजी, ते ऊन वेगळं.
त्याचा चटका तरी कळतो.
हे कातडीला न सांगता आत शिरतं,
डोळ्यात, पानात.

भरून निघते का, विचारलं होतं मॅडमला.
निघतंय, म्हणाल्या. साऱ्या देशांनी हात आखडला म्हणून.
पण सावकाश. आपण पाहायला नसू.

काल एक पंच्याऐंशीचा फ्रीज आला,
कोणाच्या तरी लग्नातला, दारावर हळदीचा डाग.
आत अजून तोच, बारा नंबर.
नळी जोडली. काटा उतरू लागला.
उमकाचा नातू हात पुढं करून उभा.
"आज काही निघत नाही रे," म्हटलं,
तरी तो तसाच
तळहात उघडा ठेवून.