गुडघ्यामागची गाठ

ताकुआरेम्बोच्या कत्तलखान्यात पहाटे पाचला
धुराड्याआधी माणसांच्या तोंडून वाफ निघते.
एलेउतेरियो कडू माते ओढतो
आणि सुरी माझ्या हातात देतो, मुठीकडून.

"डोळ्यांनी नको, बोटांनी शोध.
कुशीच्या घडीत, खुबा आणि गुडघ्याची वाटी
यांच्या मधोमध एक, लांबट.
कासेच्या वर, मागच्या अंगाला जोडी,
दुधाचा हिशोब ठेवणारी.
मग ओटीपोटाच्या उंबऱ्यावर, जिथं रोहिणी फाटे फोडते,
चरबीत रुतून बसलेली थोरली.
पायाची सगळी लसिका शेवटी तिच्याच दारात येते."

"आणि गुडघ्यामागची?"

"ती दोन स्नायूंच्या कपारीत. खोल.
ती रोज कापायला सांगत नाहीत.
संशय आला तरच."

आकड्यांवरून गायी सरकत येतात, अर्ध्या अर्ध्या.
मी चिरते. करडी, ओली, स्वच्छ.
चिरते. स्वच्छ.
सुरी बुडवते उकळत्या पाण्यात.
पुढची.

तीनशे बाराची थोरली हाताला जड लागली.
कापल्यावर रस सुटला.
कासेची नीट. कुशीची नीट.
म्हणजे आणखी खालून.

स्नायू फाकवले. तिथं ती होती,
लिंबाएवढी असायची, ती मोसंबीएवढी.
"आता शिक्का वाच," तो म्हणाला,
"पत्र कुठल्या गावाहून आलंय?"

खालचे पाय तर केव्हाच तोडून पिंपात गेलेले.
कोपरापर्यंत हात घालून मी तिचा पाय हुडकला,
नंबराची चिठ्ठी अजून चिकटलेली.
खुरांच्या बेचकीत, मांसानं गिळून टाकलेलं,
काटेरी तारेचं टोक.
गंजलेलं. नखाएवढं.

किती महिने चालली असेल ती त्यावर
चरत, पाणवठ्यावर जात, वासराला पाजत.

एलेउतेरियोनं कानातला बिल्ला पुसला, वाचला.
देल्मिराचा गोठा. त्याची बहीण.
काही बोलला नाही.
मागचा पाय लाल पिंपात,
उरलेल्यावर निळा शिक्का,
आणि माझ्या वहीत त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं:
परकी वस्तू, तार.

रविवारी मी बसमधून जाताना पाहिलं,
टेकाडाच्या उतारावर, वाऱ्यात, एकटा,
खिशात पक्कड घेऊन तो कुंपणाकडेनं चालला होता.
ते त्यानंच घातलेलं, दुष्काळाच्या साली,
घाईघाईत.
खांबाखांबाला थांबत होता.
मान वर, नजर भलतीकडेच,
आणि तारेची एकेक गाठ
बोटांनी चाचपत.